घरी सोया मेणबत्ती करताना: मेण सोपं, वात अवघड

मेण वितळवायचं, सुगंधी तेल घालायचं, ग्लासात ओतायचं. सोया मेणबत्तीची कृती एवढ्यात सांगून होते आणि दुसऱ्या दिवशी ती दिसतेही छान. पेटवल्यावर मात्र एकेक गोष्ट बाहेर येते. मधोमध विहीर पडते आणि कडेचं मेण तसंच राहतं. ज्योत वितळलेल्या मेणात बुडून विझते. काचेला काजळी धरते. महागाचं तेल घालूनही खोलीत वासाचा पत्ता नसतो. या चारही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा वातीत असतं, मेणात नाही. म्हणून इथे मेण वितळवण्यावर थोडं लिहिलंय आणि वात निवडणं व जाळून पाहणं यावर बरंच.

आणखी एक. ज्या व्हिडिओंवरून आपण शिकतो, त्यातले बरेचसे अमेरिका-इंग्लंडमधल्या २०-२२ अंशांच्या खोलीत केलेले असतात. एप्रिल-मेमध्ये अकोला-नागपूरकडे पारा ४२-४३च्या पुढे जातो, तेव्हा तिथले आकडे जसेच्या तसे उचलून चालत नाही. या लेखातली तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.

सोया मेण म्हणजे नक्की काय

सोयाबीनच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट करतात. वनस्पती तूप बनतं ती हीच प्रक्रिया, मेणासाठी ती आणखी पुढे नेतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल रिचर्ड्स यांनी मधमाशांच्या मेणाला परवडणारा पर्याय शोधताना हे मेण तयार केलं. सोयाबीन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लातूरचा बाजार आणि विदर्भ-मराठवाड्यातली शेतं येतात. पण दुकानात मिळणारं मेण त्याच शेतातलं असेल असं धरून चालू नका. स्थानिक माल हवाच असेल तर विक्रेत्याला स्पष्ट विचारा.

बाजारात याचे दोन मुख्य प्रकार आहेत. ग्लासात किंवा डबीत ओतायचं ते कंटेनर वॅक्स. हे मऊ असतं, साधारण ४५ ते ५२ अंशांच्या दरम्यान वितळतं आणि काचेला धरून राहतं. साच्यातून काढून नुसती उभी करायची मेणबत्ती असेल तर पिलर वॅक्स लागतं. ते जास्त कडक असतं आणि गोठताना आकसतं. पहिल्यांदा करताय तर कंटेनर वॅक्सच घ्या. उभी सोया मेणबत्ती नवख्याच्या हातून एक तर चिरते, नाही तर साच्यातून निघतच नाही.

'शंभर टक्के सोया' असं पाकिटावर लिहिलं म्हणून आत तेच असतं असं नाही. पॅराफिन, म्हणजे साध्या मेणबत्त्यांचं खनिज तेलापासून केलेलं मेण, मिसळलेला माल याच नावाने विकला जातो. घरी ठोस चाचणी करता येत नाही, पण अंदाज बांधता येतो. सोया मेणाचे फ्लेक्स, म्हणजे पापुद्र्यांसारखे तुकडे, हस्तिदंती पांढरे आणि अपारदर्शक असतात. नखाने सहज चुरतात आणि बोटांना तुपकट लागतात. पॅराफिन थोडं आरपार दिसतं आणि गुळगुळीत, कोरडं लागतं. यापेक्षा चांगला उपाय म्हणजे विक्रेत्याकडे मेणाचं तांत्रिक माहितीपत्रक मागणं. त्यात वितळणांक, ओतायचं तापमान आणि जास्तीत जास्त किती सुगंधी तेल मावतं हे तिन्ही आकडे असतात. जो विक्रेता हे देऊ शकत नाही, त्याच्याकडून एकदम पाच किलो घेऊ नये.

मिश्र मेण वाईट असतं असं मात्र मला वाटत नाही. उन्हाळ्यात शुद्ध कंटेनर वॅक्स बंद कपाटातही लोण्यासारखं होतं आणि वर तेलाचे थेंब सुटतात. मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. ते सोया मेणात ५ ते १० टक्के घातलं की मेणबत्ती बऱ्यापैकी टणक राहते. खानदेश, विदर्भ, मराठवाडा इथे राहणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावं. फक्त मेण कडक झालं की वात (वाती जाडीनुसार नंबराने मिळतात) एक नंबर जाड लागू शकते, हे लक्षात ठेवा.

सामान

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, प्रिन्सेस स्ट्रीट या भागात हिंडलं की बहुतेक वस्तू मिळतात. बाकी ठिकाणी ऑनलाइन मागवायच्या. मेणबत्तीच्या सामानावर पैसे वाचवायचे असतील तर ग्लासावर वाचवा, काट्यावर आणि थर्मामीटरवर नको.

एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा लागेल. मेण आणि तेल दोन्ही वजनानेच मोजायचं. 'दोन चमचे सुगंध' हे माप इथे कामाचं नाही, कारण प्रत्येक तेलाची घनता वेगळी असते. काडीचा डिजिटल थर्मामीटर चालतो. मेण वितळवायला चोच असलेलं स्टीलचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं भांडं आणि ते आत बसेल असं मोठं पातेलं घ्या. चोचीचं भांडं एकदा मेणाला वापरलं की स्वयंपाकात परत आणायचं नाही. घासून मेण निघतं, सुगंधी तेलाचा वास जात नाही. ढवळायला जुना स्टीलचा चमचा, वात मधोमध धरायला आइस्क्रीमच्या काड्या किंवा कपड्यांचे चिमटे, वात तळाला चिकटवायला दुहेरी चिकट स्टिकर किंवा ग्लू गन. टेबलावर वर्तमानपत्र.

ग्लासाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. जाड, सरळ उभ्या कडांचा, तळाशी आणि तोंडाशी सारख्याच रुंदीचा, ६.५ ते ८ सेंमी व्यासाचा ग्लास सुरुवातीला उत्तम. तोंड निमुळतं असेल तर उष्णता आत कोंडते. स्टेमचे नाजूक ग्लास, टवका उडालेली बरणी, प्लास्टिक आणि लाकडाचे वाडगे यांपैकी काहीही नको. करवंटीतल्या मेणबत्त्या फोटोत फार गोड दिसतात, पण करवंटी जळाऊ आहे आणि तिला चीर गेली की मेण झिरपतं. मातीचा कच्चा कुल्हड आणखी फसवा. माती सच्छिद्र, ती वितळलेलं मेण शोषते आणि मग भांड्याची कडाच वातीसारखी पेट घेऊ शकते. मातीचंच हवं असेल तर आतून चकाकी, म्हणजे ग्लेझ, दिलेलं भांडं घ्या. झाकणाच्या पत्र्याच्या डब्या स्वस्त आणि टिकाऊ असतात, शिवाय फुटत नाहीत. पण बाहेरून तापतात, म्हणून खाली बशी हवीच.

सुगंधी तेल 'मेणबत्तीसाठी' म्हणून विकलं जाणारंच घ्या. अंगाला लावायचं अल्कोहोलयुक्त परफ्यूम किंवा पाण्यात मिसळणारं डिफ्यूझरचं द्रावण इथे चालत नाही. अत्तराची कुपी ओतणं म्हणजे पैशाची राख, कारण त्यातला सुगंध ज्या द्रवात मिसळलेला असतो, तो मेणात नीट मिसळेलच असं नाही. गवती चहा, सिट्रोनेला, निलगिरी यांची शुद्ध अर्कतेलं चालतात, पण त्यांचा वास जळताना हलका येतो. व्हॅनिला असलेलं कुठलंही मिश्रण काही दिवसांनी मेणाला पिवळट-तपकिरी करतं. ते दिसलं म्हणून मेणबत्ती बिघडली असं समजू नका. मोगरा, सोनचाफा आणि वाळा हे तिन्ही आपल्याकडे खपतात. तिन्हींत चाफा जपून घाला, लहान खोलीत तो डोक्यात जातो. आणि कापूर घालायचा मोह आवरा. तो स्वतःच भडकन पेटतो.

रंग हवा असेल तर तेलात विरघळणारा मेणबत्तीचा रंग. खाण्याचे रंग पाण्यातले असतात, ते तळाशी ठिपके होऊन बसतात. मेणाचे खडू वातीत अडकतात. सोया मेण मुळात पांढरट असल्याने रंग फिकेच येतात. गडद मरून सोया मेणात काढायच्या नादी लागू नका.

हिशोब

ग्लासात वरून दीड सेंमी जागा सोडून पाणी भरा आणि ते पाणी वजन करा. समजा ते २०० ग्रॅम भरलं. वितळलेलं सोया मेण पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून २०० ला ०.८६ ने गुणायचं: १७२ ग्रॅम. दोन ग्लासांना ३४४ ग्रॅम मिश्रण लागेल.

आता सुगंधी तेल किती? ते मेणाच्या वजनावर टक्क्यांत धरतात. बहुतेक सोया मेणांना ६ ते ८ टक्के पुरतं. काही १० टक्के घेतात. त्यापुढे तेल घातलं की वास वाढण्याऐवजी तेल वर सुटतं आणि वात तुंबते. आपण ८ टक्के धरू. ३४४ भागिले १.०८ म्हणजे साधारण ३१९, म्हणून मेण ३२० ग्रॅम. त्याचे ८ टक्के, म्हणजे तेल २५.६ ग्रॅम, काट्यावर २६. मधमाशांचं मेण घालणार असाल तर ते ३२० मध्येच धरा: २९५ सोया आणि २५ मधमाशांचं.

हा हिशोब आणि पुढची सगळी निरीक्षणं एका वहीत लिहा. ग्लासाच्या तळाला क्रमांक चिकटवा. तिसऱ्या खेपेला कुठल्या ग्लासात कुठली वात होती हे कुणालाही आठवत नाही.

वात

देव्हाऱ्यातली फुलवात किंवा हाताने वळलेली समईची वात मेणबत्तीत का चालत नाही, हे आधी समजून घेऊ. समईच्या वातीला काठाचा आधार असतो आणि ती मागून पुढे सारता येते. मेणबत्तीत वातीला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं, आणि जळत जाईल तसं तिचं टोक स्वतःच नाहीसंही व्हावं लागतं. हे काम विणलेली वात करते. सपाट वेणीसारखी विणल्यामुळे ती जळताना एका बाजूला वाकते, टोक ज्योतीच्या बाहेरच्या गरम कडेला येतं आणि तिथे जळून जातं. फ्रान्समध्ये १८२५च्या सुमारास ही वेणी आली. त्याआधी मेणबत्तीची काजळी दर थोड्या वेळाने कात्रीने छाटत बसावं लागायचं.

सोया मेणासाठी सुती विणलेली किंवा सुतात कागदाचा धागा असलेली वात घ्या. आधीच मेणात बुडवलेली आणि तळाला पत्र्याची चकती लावलेली मिळते, तीच सोयीची. जुन्या काळी वातीत शिशाची तार घालत. अमेरिकेत २००३ पासून त्यावर बंदी आहे. वातीचा गाभा कशाचा आहे हे पाकिटावर लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

जाडी ठरते ती ग्लासाच्या आतल्या व्यासावरून. ग्लास किती उंच आहे, मेण किती आहे याचा फारसा संबंध नाही. वात बनवणाऱ्या कंपन्या व्यासानुसार तक्ते देतात. तक्त्यात सांगितलेला नंबर ही सुरुवात समजा आणि त्याच्या एक लहान, एक मोठा असे तीन नंबर मागवा. सोया मेण वितळल्यावर पॅराफिनपेक्षा घट्टसर असतं, वातीत हळू चढतं, म्हणून पॅराफिनचा तक्ता वापरलात तर वात बारीक पडते. ९ सेंमीच्या वर रुंद भांडं असेल तर एक जाड वात लावण्यापेक्षा दोन मध्यम वाती बऱ्या.

लाकडी वात दिसायला सुंदर, चुरचुर आवाजही करते. पण ती पुन्हा पेटवताना हट्ट करते. सुती वातीवर हात बसल्यावर तिच्याकडे वळा.

करायला घेऊ

ग्लास आतून स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडा करा. पावसाळ्यात हे विशेष सांभाळा. तळाशी दमट राहिलं की जळताना मेण तडतडतं. वातीच्या चकतीला स्टिकर लावून ती बरोबर मध्यावर दाबा. चार मिलिमीटर जरी बाजूला गेली तरी एका कडेची काच जास्त तापेल. वात वर ताणून आइस्क्रीमच्या दोन काड्यांत धरा. नाशिक-पुण्यात डिसेंबर-जानेवारीत काच थंडगार असते. तेव्हा ओतण्याआधी हेअर ड्रायरने ग्लास कोमट करा. मे महिन्यात याची गरज नाही.

मोठ्या पातेल्यात तीन-चार बोटं पाणी उकळत ठेवा आणि चोचीचं भांडं त्यात ठेवा. भांड्याखाली जाळी किंवा वाटी उपडी घातली तर तळ थेट तापत नाही. मेण थेट आचेवर कधीही ठेवू नका. इंडक्शन असेल तर तेच वापरा, कारण उघडी ज्योत नसते. मेण सावकाश वितळू द्या, फ्लेक्स संपत आले की थर्मामीटर घाला. ८० ते ८५ अंशांपर्यंत न्या. त्याच्या बरंच पुढे गेलं किंवा तासभर तसंच तापत राहिलं तर मेण पिवळं पडतं.

गॅस बंद करा, भांडं उतरवा, बाहेरचं पाणी पुसा. भांड्याच्या बुडाचा एक थेंब ग्लासात पडला तरी पुढे वात फुरफुरते. रंग असेल तर आता. मग तोलून ठेवलेलं सुगंधी तेल ८० अंशांच्या आसपास घाला आणि दोन मिनिटं तळापासून, सावकाश, बुडबुडे न आणता ढवळा. हे दोन मिनिटांचं ढवळणं सगळे चुकवतात. नीट न मिसळलेलं तेल तळाशी बसतं आणि मग मेणबत्ती अर्धी जळेपर्यंत वास येत नाही.

तेलाच्या बाटलीवर 'फ्लॅश पॉइंट' लिहिलेला असतो. त्यापेक्षा गरम मेणात तेल घातलं की वास उडून जातो असा एक समज पसरलेला आहे. तो आकडा वासाबद्दल नसतो. त्या तापमानाला तेलाची वाफ ज्योत मिळाली तर पेटू शकते, एवढंच तो सांगतो. म्हणूनच तेल घालताना शेजारचा बर्नरही बंद हवा, आणि देव्हाऱ्यातला दिवा त्याच ओट्यावर असेल तर तोही हलवा.

आता वाट पाहायची. मिश्रण ५५ ते ६० अंशांवर आलं की ओता. माहितीपत्रकात वेगळा आकडा असेल तर तो आधी. या टप्प्यावर मेण नितळ सोनेरी दिसतं, पण भांड्याच्या कडेला धुरकट पट्टा धरू लागलेला असतो. धार बारीक ठेवा, वातीवर नको, काचेच्या कडेने. दोन चमचे मिश्रण भांड्यात राखून ठेवा.

ओतल्यावर पंखा बंद. छताच्या पंख्याखाली ठेवलेल्या मेणबत्तीचा वरचा थर आधी गोठतो आणि आत मेण आकसून पोकळी होते. ग्लास एकमेकांपासून चार बोटं लांब ठेवा. जवळून पाहत बसलात तर दिसेल: आधी काचेलगत दुधाळ कडा धरते, ती हळूहळू आत सरकते, आणि सगळ्यात शेवटी वातीभोवतीचं नाण्याएवढं वर्तुळ पांढरं होतं. तिथेच बहुधा खळगा पडतो. दुसऱ्या दिवशी खळगा दिसला तर राखलेलं मिश्रण गरम करून पातळ थर द्या किंवा ड्रायरने वरचा भाग वितळवून सपाट होऊ द्या. फ्रीजमध्ये ठेवून घाई केलीत तर मेण काचेपासून सुटेल, चिराही जातील.

चोवीस तासांनी वात ५-६ मिलिमीटर ठेवून कापा, झाकण लावा आणि दहा ते चौदा दिवस अंधाऱ्या, थंड जागी ठेवून द्या. या काळात मेणातले स्फटिक नीट बसतात आणि वास मेणात मुरतो. आज ओतली आणि उद्या पेटवली तर वास अर्धवट येतो आणि माणूस तेलाला दोष देतो. दिवाळीत द्यायच्या असतील तर दसऱ्यापर्यंत ओतून झालेल्या हव्यात. दसरा ते लक्ष्मीपूजन साधारण वीस दिवस मिळतात: चौदा मुरायला, उरलेले पॅकिंगला.

जाळून पाहणं

तीन नंबरच्या तीन वाती, ग्लास तोच, मिश्रण तेच. तिन्ही मेणबत्त्या एकाच खोलीत, वारा नसलेल्या जागी, एकमेकांपासून हातभर अंतरावर लावा. आधी प्रत्येकीचं वजन लिहून घ्या. चार तास जळू द्या, विझवा, पूर्ण गार झाल्यावर पुन्हा वजन करा, वात कापा, पुन्हा चार तास. असं मेणबत्ती संपेपर्यंत. कंटाळवाणं आहे, पण हे न करता कुणाला मेणबत्ती विकू नये, भेटही देऊ नये.

काय पाहायचं? ज्योत दोन-अडीच सेंमीची, फारशी न थरथरणारी. तीन-चार तासांनी वितळलेल्या मेणाचं तळं कडेपाशी पोचलेलं आणि सुमारे एक सेंमी खोल. काच गरम, पण क्षणभर बोट लावता येईल इतपत. काजळी नाही.

एक सूक्ष्म गोष्ट इथे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. पहिल्याच खेपेला तळं कडेपर्यंत पोचलंच पाहिजे असा हट्ट धरून लोक वात जाड करतात. मेणबत्ती निम्मी झाली की ज्योत ग्लासाच्या आत उतरते, चारी बाजूंनी काच उष्णता परतवते आणि कडेला राहिलेला पातळ थर आपोआप वितळतो. वर नीट वागणारी जाड वात खाली गेल्यावर काच चटका बसेल इतकी तापवते. म्हणून पहिल्या खेपेला कडेला अर्धा सेंमी मेण राहिलं तरी घाबरू नका, निर्णय मध्यावर आल्यावर घ्या.

मध्यावर येऊनही विहीरच असेल तर वात एक नंबर मोठी करा. ज्योत इवलीशी होऊन बुडत असेल तरी तेच. ज्योत लांब, नाचरी, काळा धूर सोडणारी असेल किंवा तळं दोन तासांतच कडेला जाऊन खोल होत असेल तर एक नंबर लहान. वातीच्या टोकाला काळी गाठ धरत असेल तर आधी वात आखूड कापून बघा. तरीही धरली तर नंबर कमी करा किंवा तेल दोन टक्क्यांनी उतरवा. 'सोया मेणाला काजळी येत नाही' ही जाहिरातीतली ओळ आहे. वात जाड असेल तर कुठलंही मेण काजळी देतं.

वजनाच्या नोंदींवरून मेणबत्ती किती तास चालेल तेही निघतं. चार तासांत २० ग्रॅम कमी झालं तर ताशी ५ ग्रॅम. १७२ ग्रॅममधले तळाचे ४० ग्रॅम सोडले तर सुमारे २६ तास.

आणि हिवाळ्यात पास झालेली वात उन्हाळ्यात पुन्हा तपासा. ३८ अंशांच्या खोलीत मेण आधीच मऊ असतं, तळं लवकर पसरतं, तीच वात जाड ठरू शकते.

दिसण्यातले दोष

वरून किंवा काचेतून पांढरी, बर्फाच्या नक्षीसारखी बुरशी दिसली की नवशिके हबकतात. ती बुरशी नव्हे, मेणाचे स्फटिक आहेत. कढवलेलं तूप हळू गार झालं की रवाळ होतं, तसंच हे. तापमान वर-खाली झालं की वाढतं. जळण्यावर किंवा वासावर याचा परिणाम नाही. रंग घातला नाही तर डोळ्यांत भरत नाही, आणि मला विचाराल तर हाच सगळ्यात सोपा इलाज.

काचेला जागोजागी ओले डाग दिसतात ते मेण काचेपासून सुटल्यामुळे. थंडीत ग्लास कोमट करून ओतल्याने कमी होतात, पूर्ण जात नाहीत. विकणारे म्हणून तर धुरकट किंवा रंगीत काच वापरतात. वर तेलाचे थेंब आले असतील तर टिपकागदाने टिपा आणि पुढच्या खेपेला तेल कमी करा किंवा मधमाशांचं मेण घाला. भर उन्हाळ्यात कुरिअरने मेणबत्त्या पाठवायच्याच असतील तर झाकणाच्या डब्यांतल्या पाठवा आणि खोक्यावर उभी बाजू ठळक लिहा. पार्सलच्या गाडीत मेण वितळून एका बाजूला गोठलं की दुरुस्ती नाही.

आगीशी खेळ असल्याने

मेण वितळत असताना ओटा सोडून जायचं नाही, दारावरची बेल वाजली तरी आधी गॅस बंद. मेणाने पेट घेतलाच तर पाणी मुळीच टाकू नका, जळतं मेण उसळून चहूकडे उडतं. आच बंद करा, भांड्यावर घट्ट झाकण ठेवा आणि गार होईपर्यंत उघडू नका. अंगावर मेण सांडलं तर वाहत्या गार पाण्याखाली धरा, चिकटलेलं मेण ओरबाडू नका.

वर सुकवलेल्या गुलाबपाकळ्या, दालचिनीचे तुकडे, कॉफीच्या बिया रोवलेल्या मेणबत्त्या फोटोत खूप चालतात. मेण वितळलं की हे सगळं तरंगत ज्योतीपाशी येतं आणि एकाऐवजी चार वाती पेटतात. सजावट झाकणावर करा.

मेणबत्ती एका वेळी चार तासांपेक्षा जास्त नको. पंख्याखाली नको, पडद्याजवळ नको. तळाशी एक-दीड सेंमी मेण उरलं की थांबायचं, नाही तर काच तडकते. विकत असाल तर या चार ओळी तळाच्या स्टिकरवर छापा. शिवाय पाकीटबंद वस्तूंसाठी वैधमापन कायद्याखालचे २०११चे नियम आहेत. त्यानुसार तुमचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हे लेबलवर लागतं. वजन मेणाचं लिहायचं, ग्लासासकट नाही.

रिकामा ग्लास परत वापरता येतो. उरलेलं मेण ड्रायरने मऊ करून टिपकागदाने काढा, चकती चमच्याने उचकटा, मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. सोया मेण साबणाने निघतं, म्हणून अनेक जण भांडं सरळ बेसिनमध्ये विसळतात. पाइपमध्ये गेल्यावर ते पुन्हा गोठतं आणि पाणी तुंबतं. आधी कागदाने पुसायचं, कागद कचऱ्यात टाकायचा आणि मगच नळ सोडायचा.